गोळी रुग्णाच्या दिनक्रमात बसली पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

औषधांविषयी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा वाढत्या किमती, भेसळ किंवा एखाद्या नव्या संशोधनाची बातमी यांच्याभोवती असते, आणि ते लिहिले जाणे आवश्यकच आहे. परंतु रुग्णाच्या दृष्टीने आदर्श औषध कोणते, या प्रश्नाची चर्चा क्वचितच वाचायला मिळते. मी नाशिक जिल्ह्यातील शासकीय आरोग्य सेवेतून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सुरगाणा-कळवण भागातील आरोग्य केंद्रे आणि पुढे शहरालगतचे रुग्णालय अशा दोन्ही ठिकाणी औषध वाटपाच्या खिडकीमागे उभे राहून मी जे पाहिले, त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की औषधातील रसायन कितीही गुणकारी असले तरी ते रुग्णाच्या जेवणाच्या, कामाच्या आणि प्रवासाच्या वेळांत बसत नसेल, तर त्या रुग्णापुरते ते चांगले औषध नव्हे. आणि ते तसे बसावे यासाठी नव्या शोधाची वाट न पाहता आजच करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमात आदर्श औषधाची लक्षणे शिकवली जातात. ते ज्या आजारासाठी दिले त्यावर निश्चित परिणाम करणारे असावे, इतर अवयवांना त्याचा त्रास होऊ नये, गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत भरपूर अंतर असावे, इतर औषधांबरोबर ते निर्धोकपणे घेता यावे, साठवणुकीत टिकावे आणि परवडावे. या सर्व कसोट्यांना पूर्णपणे उतरणारे औषध अस्तित्वात नाही, हेही विद्यार्थ्यांना त्याच वेळी सांगितले जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी द्रव्याकडून चार अपेक्षा व्यक्त केल्या आहेत: ते मुबलक मिळावे, रोगाला योग्य असावे, अनेक रूपांत देता यावे आणि गुणांनी संपन्न असावे. यातील मुबलकता आणि अनेक रूपांत देता येणे या दोन अपेक्षा मला विशेष मोलाच्या वाटतात, कारण आजच्या चर्चेत नेमक्या याच दोन गोष्टी सर्वांत मागे पडतात.

सुरक्षिततेचा विचार करताना थॅलिडोमाइडचे उदाहरण टाळता येत नाही. हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आले, झोपेसाठी आणि गरोदरपणातील मळमळीसाठी ते निर्धास्तपणे दिले गेले, आणि १९६१ मध्ये मागे घेतले जाईपर्यंत त्याने केलेली हानी एवढी होती की जगभरात सुमारे दहा हजार बालके हातापायांतील व्यंग घेऊन जन्माला आली. तेच औषध पुढे कुष्ठरोगातील एका तीव्र प्रतिक्रियेवर आणि मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर, कडक बंधनांखाली, उपयोगी ठरले. म्हणजे औषधाची योग्यता ते कोणाला आणि कोणत्या देखरेखीखाली दिले यावर अवलंबून असते, आणि ही देखरेखच ग्रामीण रुग्णाला सर्वांत महाग पडते. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवण्यासाठी जन्मभर वॉरफरिन घ्यावे लागते. मात्रा थोडी कमी पडली तर गुठळी होण्याची भीती, थोडी जास्त झाली तर रक्तस्रावाची. म्हणून ठरावीक काळाने आयएनआर ही रक्ततपासणी करावीच लागते. शहरात राहणाऱ्याला त्यासाठी सकाळचा थोडा वेळ काढावा लागतो, तर पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या माणसाला एका दिवसाची मजुरी, एसटीचे दोन्ही वेळचे भाडे आणि बरोबर येणाऱ्याचीही मजुरी सोडावी लागते. औषध तेच, मात्राही तीच, पण दोघांसाठी त्याची योग्यता सारखी नाही, आणि झडप धातूची बसवायची की सहसा जन्मभर वॉरफरिन न लागणारी जैविक, हे ठरवतानाच ही गोष्ट रुग्णाशी बोलली गेली पाहिजे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे त्याकडे वळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे नमूद केले होते की विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात आणि विकसनशील देशांत हे प्रमाण त्याहूनही कमी आहे. आपल्याकडे याचे खापर सरसकट रुग्णाच्या अज्ञानावर आणि निष्काळजीपणावर फोडले जाते. खिडकीबाहेरची रांग रोज पाहिलेल्या माणसाला हे पटणार नाही. चिठ्ठीवर 'जेवणानंतर दिवसातून तीन वेळा' असे लिहिलेले असते आणि ती गोळी घेणारी बाई दिवसातून दोनदाच जेवते. छाटणीच्या हंगामात सुरगाणा आणि पेठकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर राहायला येतात. पहाटे स्वयंपाक उरकून बागेत गेलेल्या बाईची दुपारची गोळी झोपडीतल्या पिशवीतच राहते, आणि ती बरोबर नेली तरी फवारणीच्या औषधाने माखलेल्या हातांनी ती कशी घ्यावी, हा प्रश्न असतोच. मालेगावात यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला 'सकाळी एक, रात्री एक' ही सूचना नेमकी कशी लावायची हे कोणी सांगत नाही, कारण त्याची सकाळ ही झोपायची वेळ असते.

उपवासांचेही तसेच आहे. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेऊन माणूस दिवसभर उपाशी राहिला तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या स्त्रिया आणि रमजानचे रोजे ठेवणारे रुग्ण आपल्या जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत. 'उपवास करू नका' एवढे सांगून डॉक्टरांचे कर्तव्य संपते असे मला वाटत नाही, कारण श्रद्धेने उपवास करणारा माणूस तो करतोच आणि मग तपासणीच्या वेळी गप्प राहतो. त्यापेक्षा उपवास सुरू होण्यापूर्वी काही आठवडे त्याला बोलावून, कोणती गोळी कमी करायची, कोणती सहेरीच्या वेळी आणि कोणती रोजा सोडल्यावर घ्यायची, हे ठरवून देणे अधिक सुरक्षित आहे.

यावरून दिवसातून एकदाच घ्यावयाच्या गोळीचे महत्त्व लक्षात येईल. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळी चुकली तरी रक्तदाब लगेच उसळत नाही. याउलट क्लोनिडिन हे रक्तदाबाचेच औषध अचानक थांबले तर दाब पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. पुस्तकात हा फरक अर्धायुष्याच्या एका आकड्यात दडलेला असतो, पण प्रत्यक्षात गोळ्या संपल्यावर आठवडी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबणाऱ्या माणसासाठी तो आकडा फार मोठा आहे. दोन औषधे परिणामाने सारखी असतील, तर रुग्णाची एखादी चूक निभावून नेणारे औषध आधी निवडावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

दुष्परिणामांच्या बाबतीतही डॉक्टरांची मोजणी आणि रुग्णाची मोजणी वेगळी असते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे लघवी, घाम आणि अश्रू नारिंगी-लाल होतात. वैद्यकीयदृष्ट्या ही निरुपद्रवी बाब आहे, पण आधी सांगितले गेले नसेल तर लघवीतून रक्त जात आहे असे वाटून माणूस दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करतो. कुष्ठरोगावरील क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळसर पडते. औषध थांबल्यावर हा रंग हळूहळू निवळतो, परंतु ज्या आजाराची लोकांना आधीच लाज वाटते तो चेहऱ्यावर दिसू लागला तर त्या रुग्णाला ही बाब किरकोळ कशी वाटेल? मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडते आणि जुलाब होतात. जेवणाबरोबर आणि कमी मात्रेपासून सुरुवात केली तर हा त्रास बराच टळतो, पण हे वाक्य बोलायला दवाखान्यात वेळ मिळत नाही. हृदयविकाराच्या रुग्णांना देतात ती लघवीची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड, घेऊन कळवणहून नाशिकपर्यंत एसटीने प्रवास करणे एखाद्या वृद्ध बाईसाठी किती अवघड आहे, याची कल्पना आपल्या बसस्थानकांवरील स्वच्छतागृहे पाहिलेल्या कोणालाही येईल. अशा बायका तपासणीला येण्याच्या दिवशी गोळी टाळतात आणि पायांवर सूज घेऊन डॉक्टरांसमोर बसतात. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ कशी बदलावी हे आधीच विचारून घेता येते, फक्त ते विचारण्याइतका मोकळेपणा तिला मिळाला पाहिजे.

गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण वाटप झालेल्या आणि प्रत्यक्ष पोटात गेलेल्या गोळ्यांमध्ये एवढी तफावत मी दुसऱ्या कोणत्याही औषधाच्या बाबतीत पाहिली नाही. या गोळ्यांनी मळमळते, बद्धकोष्ठता होते आणि शौचास काळी होते. 'गोळी गरम पडते', 'बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल' असे घरातील वडीलधाऱ्या बायका सांगतात आणि गोळ्यांची पाकिटे फळीवर साठत जातात. रजिस्टरमध्ये मात्र वाटप पूर्ण झालेले असते. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते, लिंबासारख्या आंबट फळाने लोह अधिक शोषले जाते, चहाने ते अडते, आणि शौचाचा काळा रंग ही घाबरण्याची बाब नाही, या चार गोष्टी सुनेबरोबर सासूलाही सांगितल्या की फरक पडतो. आमच्याकडच्या अनेक आशा कार्यकर्त्यांनी हे काम मन लावून केले आहे आणि त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही, याचे मला वाईट वाटते.

औषधाचे रूप हा विषय तर जवळजवळ दुर्लक्षितच आहे. लहान मुलांना मोठ्यांच्या गोळीचा चतकोर तुकडा देण्याची पद्धत अजूनही सर्वत्र आहे, आणि तुकडे समान पडत नसल्यामुळे एकदा मात्रा कमी तर एकदा जास्त जाते. लहान मुलांच्या क्षयरोगासाठी पाण्यात विरघळणाऱ्या, फळांच्या चवीच्या आणि योग्य मात्रेच्या गोळ्या जगात २०१५ च्या अखेरीस उपलब्ध झाल्या. क्षयरोगावरची मूळ औषधे त्याआधी कित्येक दशके वापरात होती. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या आदिवासी तालुक्यांत आढळतो आणि त्यावरील हायड्रॉक्सियुरिया सामान्यतः ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळते; दहा-बारा किलो वजनाच्या बालकाला त्याच्या वजनाप्रमाणे मात्रा देताना आईने काय करायचे? वृद्धांची अडचण याच्या उलट असते. गिळता येत नाही म्हणून घरची मंडळी गोळी खलबत्त्यात कुटून देतात. साध्या गोळीला ते बहुधा चालते, पण जी गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळावी अशी बनवलेली असते ती कुटली तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. अशा गोळीच्या नावापुढे SR किंवा ER अशी इंग्रजीत दोन अक्षरे छापलेली असतात आणि त्या दोन अक्षरांवर त्या वृद्धाची सुरक्षितता अवलंबून असते. पातळ औषधाच्या बाबतीत घरातल्या चमच्याचा भरवसा नसतो; पाच मिलिलिटर म्हणून दिलेला चमचा कोणाकडे तीनचा असतो तर कोणाकडे सातचा, म्हणून बाटलीबरोबरचे मापाचे झाकण फेकू नये हे प्रत्येक वेळी सांगावे लागते.

माझ्या पाहण्यातील सर्वांत आदर्शाजवळचे औषध कोणते, असे कोणी विचारले तर मी जलसंजीवनीचे, म्हणजे जुलाबात पाजायच्या ओआरएसचे, नाव घेईन. मीठ, साखर आणि आणखी दोन क्षार यांच्या या पुडीला शीतपेटी लागत नाही, सुई लागत नाही, आणि ती देणारी व्यक्ती बहुतेक वेळा आईच असते. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिले. वीस-तीस टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आला. असे औषधसुद्धा चुकीच्या पद्धतीने दिले जाऊ शकते, हे येथे मुद्दाम नोंदवतो. एका लिटरसाठी असलेली पुडी कित्येक घरांत एका पेल्यात ओतली जाते, किंवा पुडीतला थोडा थोडा भाग अंदाजाने वेगवेगळ्या पेल्यांत घातला जातो. द्रावण दाट झाले तर क्षारांचे प्रमाण वाढून बाळाला अपाय होतो. घरात एक लिटरची पाण्याची बाटली असते. ती पूर्ण भरून त्यात संपूर्ण पुडी टाकायची आणि उरलेले द्रावण चोवीस तासांनी ओतून द्यायचे, हे चित्रासह पुडीवर ठळक असेल तर सांगणाऱ्या माणसाची गरज उरणार नाही.

वेष्टन स्वतःच औषधोपचाराचा भाग होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचाराचे आहे. तीन औषधे, त्यांतील काही रोज आणि काही महिन्यातून एकदा, असा हा गुंतागुंतीचा उपचार आहे. त्यासाठी चार आठवड्यांचे एकच पाकीट तयार केले गेले, ज्यात त्या दिवसाची गोळी त्या दिवसाच्या खणात असते. १९९५ पासून जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ही पाकिटे विनामूल्य पुरवली जात आहेत. अक्षरओळख नसलेला माणूसही रिकामा खण पाहून कालची गोळी घेतली की नाही हे सांगू शकतो. क्षयरोगासाठी २०१७ पासून आपल्या देशात रोज घ्यावयाच्या एकत्रित गोळ्या आल्या, आणि पूर्वीच्या दिवसाआडच्या मूठभर गोळ्यांपेक्षा त्या लक्षात ठेवायला सोप्या आहेत. मग रक्तदाब आणि मधुमेह या घरोघरी पोहोचलेल्या आजारांच्या गोळ्या अजूनही कागदाच्या पुडीत सुट्या का दिल्या जातात, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

खासगी मेडिकलमध्ये दुसरी अडचण असते. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापून दिल्या की औषधाचे नाव आणि मुदत संपण्याची तारीख असलेला तुकडा अनेकदा दुकानातच राहतो, आणि घरी जातो तो नुसता चकचकीत पत्रा. दोन महिन्यांनी डब्यात सापडलेल्या त्या चार गोळ्या कशाच्या हे कोणालाच सांगता येत नाही. तेच औषध पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचे मिळते. रंग बदलतो, आकार बदलतो, नाव तर बदलतेच. वृद्ध रुग्ण जुनी गोळी आणि नवी गोळी ही दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेतो आणि रक्तदाब एकदम उतरून न्हाणीघरात पडतो, किंवा नवी गोळी चुकीची असेल म्हणून काहीच घेत नाही. पॅरासिटामॉलचेही असेच होते. तापाची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी अशा तिन्हींत ते असू शकते, आणि निरोगी प्रौढासाठीसुद्धा चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातील सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले, हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण त्यात बंधनकारक माहिती आहे ती औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, तारखा आणि परवाना क्रमांक यांची. गोळी कधी घ्यायची, कुटायची की नाही, चुकली तर काय करायचे, यांपैकी काहीही त्यात देण्याचे बंधन नाही. खोटे औषध ओळखण्यासाठी तो कोड उपयोगी पडेल, पण खरे औषध नीट घेण्यासाठी तो आज उपयोगी पडत नाही.

साठवणुकीच्या सूचना वाचल्या तर औषधे कोणत्या घरांसाठी बनतात असा प्रश्न पडतो. बहुतेक वेष्टनांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते, आणि मालेगावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि ते गोठले तर निकामी होते. फ्रीज नसलेल्या घरात वापरात असलेली इन्सुलिनची बाटली थंड ठेवायला पाण्याने भिजवलेल्या मातीच्या मडक्याचा उपयोग करता येतो, परंतु हे सांगताना ते उन्हापासून दूर, हवेशीर जागी असावे एवढे तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

दर्जा आणि किंमत यांविषयी आपल्या वृत्तपत्रातून नेहमीच लिहिले जाते, म्हणून थोडक्यात लिहितो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाचे वाभाडे काढले. त्याच विषाने २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून लहान मुलांचे बळी घेतले. बाटलीत लेबलवर लिहिलेलेच औषध आहे याची खात्री नसेल, तर वर लिहिलेल्या साऱ्या सोयी निरर्थक आहेत. किमतीबाबत, २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत आणि त्यांच्या कमाल किमती सरकार ठरवते. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते. किंमत हा औषधाच्या गुणाचाच भाग असतो हे हेपेटायटिस सी या आजाराने दाखवून दिले. त्यावरील सोफोसबुविर हे औषध २०१३ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा एका गोळीची किंमत एक हजार डॉलर होती. रोज एक गोळी, बारा आठवडे, त्रास कमी, आणि अशा नव्या औषधांच्या जोडीने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, असे हे पुस्तकातल्या व्याख्येच्या अगदी जवळ जाणारे औषध होते. पण भारतीय कंपन्यांनी ते स्वस्त केल्यावर आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमातून ते विनामूल्य मिळू लागल्यावरच आपल्या गरीब रुग्णाच्या दृष्टीने ते औषध अस्तित्वात आले.

यातील काही गोष्टी दिल्लीत ठरतील, पण सर्वच नव्हे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे आणि राज्यभरातील डॉक्टर व परिचारिका त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. लिहिलेली चिठ्ठी रुग्णाला त्याच्या मराठीत, किंवा तो बोलत असेल त्या कोकणी-वारली बोलीच्या जवळ जाणाऱ्या सोप्या शब्दांत, समजावून सांगणे हा प्रात्यक्षिक परीक्षेतील गुण असलेला भाग व्हावा, अशी माझी विद्यापीठाला विनंती आहे. औषध विक्रेत्यांवर रुग्णाला समुपदेशन करण्याची जबाबदारी २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीने टाकलेलीच आहे. शहरातील मेडिकल दुकानदारांच्या संघटनेने ठरवले तर सूर्य आणि चंद्राची चित्रे छापलेली पाकिटे आणि त्यावर औषधाचे नाव, मुदत व वेळ हाताने लिहून देण्याची पद्धत पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत सुरू करायला फार खर्च येणार नाही. रुग्णांनीही, विशेषतः एकाहून अधिक डॉक्टरांची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी, घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून दोनदा तरी एकाच डॉक्टरांसमोर ठेवाव्यात आणि यातील कोणती आता बंद करता येईल, हा प्रश्न न संकोचता विचारावा. गोळ्या वाढवणारे पुष्कळ भेटतात, पण कमी करण्याचा विचार करणारे डॉक्टर रुग्णाला स्वतःहून शोधावे लागतात.

राज्यातील शासकीय रुग्णालयांसाठी औषध खरेदी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत होते. या प्राधिकरणाने निविदेच्या अटींत तीन गोष्टींची भर घालावी, अशी माझी मागणी आहे: स्ट्रिपच्या प्रत्येक खणामागे औषधाचे नाव आणि मुदत छापलेली असावी, वेष्टनावर घेण्याची पद्धत मराठीत आणि चित्रांत असावी, आणि रक्तदाब व मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांचा रंग व आकार पुरवठादार बदलला तरी शक्यतो तोच राहावा. पुरवठादारांना त्यासाठी मुदत द्यावी लागेल आणि दर काही पैशांनी वाढतीलही, पण न घेतल्या गेलेल्या गोळ्यांवर आज जो खर्च होतो त्याच्या तुलनेत ही वाढ सोसण्यासारखी आहे. नाशिक जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी ही मागणी आरोग्य विभागाकडे लेखी मांडावी आणि विभागाने तिला लेखी उत्तर द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, नाशिक